आधी काठ, मग शिलाई

चामड्याचे काम शिकवणारी पुस्तके सहसा कापण्यापासून सुरू होतात आणि वस्तूला चकाकी देण्यापाशी संपतात. या पुस्तकाने क्रम उलटा धरला आहे. पहिल्याच प्रकरणात शिकणाऱ्याच्या हाती चामड्याची बोटभर रुंद पट्टी दिली आहे आणि तिचा काठ घोटायला सांगितले आहे. शिलाई मशीन येते ते थेट शेवटच्या भागात. हा क्रम मला मनापासून पटतो. तो का पटतो हे नीट सांगायचे, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

आज हे काम शिकायला येणारा माणूस बदलला आहे. पुण्यात, मुंबईत, नाशकात घरच्या टेबलावर पाकिटे, कमरेचे पट्टे, वह्यांची कव्हरे करणारी तरुण मंडळी भेटतात. दिवसा नोकरी किंवा कॉलेज, रात्री हे काम. त्यांचे पहिले दोन प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. काठ दुकानातल्या वस्तूसारखा गुळगुळीत कसा करायचा? आणि आईच्या शिलाई मशीनवर चामडे शिवता येईल का? पहिला प्रश्न कामाच्या अखेरचा, दुसरा यंत्राचा, आणि मधले सगळे काम दोन्हींतून निसटलेले. तरीही मला हे प्रश्न आवडतात, कारण त्यांचा पाठपुरावा केला तर माणूस एकाच जागी येऊन पोचतो. हातातले चामडे कोणत्या जनावराचे, कसे कमावलेले आणि किती जाड, हे कळल्याशिवाय दोन्हींपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

काठाचेच घ्या. आधी पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेची धार उतरवायची, म्हणजे काठाला किंचित गोलाई येते. मग ४०० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर ८०० चा. बोट पाण्यात बुडवून काठावरून फिरवायचे, किंवा कतीरा डिंक भिजवून केलेले पातळ पाणी लावायचे. पाणी बेताचेच हवे. जास्त झाले तर ते वरच्या अंगावर उतरते आणि तिथे कायमची काळपट रेघ राहते. मग खाच असलेल्या लाकडी तुकड्याने काठ झपाझप घोटायचा. सुरुवातीला लाकूड अडखळते, खरखर ऐकू येते. थोड्या वेळाने काठ गरम लागतो, आवाज बारीक होतो आणि लाकूड एकदम सरकू लागते. उभे राहिलेले तंतू ओल आणि उष्णता यांनी मऊ होऊन एकमेकांत दबलेले असतात. दोन थर चिकटवून केलेली पट्टी असेल, तर मधली रेघ जवळजवळ नाहीशी होते. शेवटी थोडे मधमाशीचे मेण लावून कापडाने पुसले की काम झाले.

आता हेच सगळे जॅकेटच्या मऊ चामड्यावर करून पाहा. कितीही घोटा, काठ लोंबकळत राहतो, तंतू पुन्हा वर येतात. शिकणाऱ्याला वाटते आपलाच हात कमी पडतो. हात ठीक असतो, चामडे वेगळे असते.

कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर कडक होते. ते टिकाऊ आणि लवचीक करायचे म्हणजे त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना दुसरे काहीतरी कायमचे जोडून द्यायचे. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या बाभळीची साल आणि हिरडा यांनी केले. त्यांतले टॅनिन हळूहळू मुरते आणि तंतूंमधल्या जागा भरून काढते. त्याला आठवडे लागतात, जाड कातड्याला महिनेही लागतात. असे चामडे भरीव होते, ओले करून दाबले तर दिलेला आकार धरून ठेवते, आणि म्हणूनच त्याचा काठ घोटला जातो. दुसरी रीत क्रोमची. युरोपात क्रोमियमच्या क्षारांचे प्रयोग १८५८ च्या सुमारास झाले आणि १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी कारखान्यात चालेल अशा पद्धतीचे पेटंट घेतले. महिन्यांचे काम दिवसांवर आले. क्रोमचे चामडे हलके आणि मऊ असते, उष्णतेला जास्त टिकते. जगात आज तयार होणारे बहुतेक चामडे याच रीतीचे. पण त्यातले तंतू मोकळे आणि स्प्रिंगसारखे उसळणारे असतात. दाबले तरी पुन्हा उठतात. म्हणून त्याचा काठ घोटत नाहीत. एकतर चामडे पातळ करून आत दुमडतात, किंवा काठावर रंगाचे थर चढवतात. कारागीर त्याला एज कलर म्हणतात. एक थर वाळला की पॉलिश पेपर मारायचा, मग दुसरा थर.

ओळखायचे कसे? कापलेल्या काठाकडे पाहावे. क्रोमच्या चामड्याच्या गाभ्यात बहुधा निळसर राखाडी छटा दिसते. सालीने कमावलेले आतपर्यंत बदामी किंवा तपकिरी असते. वरून रंग दिलेला नसेल तर पाण्याचा थेंब त्यात पटकन जिरतो आणि डाग गडद दिसतो. एका काठाच्या निमित्ताने शिकणारा इतके शिकतो. पुस्तकाने इथून सुरुवात केली ती यासाठीच.

रंग आणि तेल यांविषयी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याची पुनरुक्ती करत नाही. माझे मत मात्र नोंदवतो. चामड्याच्या वरच्या अंगावर दाणा असतो. केसांच्या मुळांची बारीक छिद्रे, जनावराच्या अंगावरचे जुने ओरखडे, गोचिडीचे व्रण हे सगळे तिथे दिसते. हा दाणा घासून काढायचा, वर जाड रंगाचा थर द्यायचा आणि त्यावर ठशाने खोटा दाणा उमटवायचा, हे बाजारात सर्रास चालते. त्याहून खालचा प्रकार म्हणजे चामड्याचा भुसा गोंदात मिसळून केलेली शीट, जी ‘लेदर’ म्हणूनच विकली जाते. असली वस्तू दोन-चार पावसाळ्यांत सालपटे टाकू लागते. नवशिक्याने पैसे वाचवायचे असतील तर लहान तुकडा घ्यावा, पण दाणा शाबूत असलेला घ्यावा. व्रण दिसला तर दिसू द्यावा.

तुकडा जनावराच्या कोणत्या भागातला, हेही पाहिलेच पाहिजे. पाठीचे चामडे घट्ट आणि एकसारखे, पट्ट्यासाठी उत्तम. खांद्याचे थोडे सैल, सुरकुत्यांचे, पण लवचीक. पोटाचे ताणले जाते आणि ताणलेलेच राहते. पोटाच्या भागातून कापलेला पट्टा वर्षभरात दोन भोके लांब होतो, त्यात शिवणाऱ्याचा दोष नसतो. पाकिटाला साधारण एक मिलिमीटर जाडी पुरते, कमरेच्या पट्ट्याला तीन ते चार लागते. दुकानात माल चौरस फुटावर मिळतो. त्यामुळे अख्खे कातडे घेणाऱ्याने पोटाचा आणि पायांचा भाग वेगळा काढून, उरलेल्याचा भाव मनात मांडूनच व्यवहार करावा.

आता या कामाची दुसरी बाजू. जातीचा उल्लेख टाळून तिच्याविषयी प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. मेलेले जनावर महारांनी ओढून न्यायचे, कातडे ढोरांनी कमवायचे, चांभारांनी त्याच्या वस्तू करायच्या, अशी महाराष्ट्रातल्या गावगाड्याची वाटणी होती. विहिरीवरची मोट, पाणी वाहायची पखाल, आसूड, बैलांच्या गळ्यातले पट्टे, शेतकऱ्याच्या वहाणा, देवळातल्या पखवाजाच्या वाद्या हे सगळे चामड्याचे. गावाचा एक दिवसही या वस्तूंवाचून जात नव्हता, आणि त्या करणाऱ्या हातांना गावाने वेशीबाहेर ठेवले. मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लोकांना सांगितले. त्या सांगण्यामागे या अपमानाचा सगळा इतिहास होता. आज ज्याला हे काम छंद म्हणून करावेसे वाटते, त्याला ते निवडण्याची मोकळीक आहे. ज्यांच्यावर ते लादले गेले त्यांना ते नाकारण्याचीही मोकळीक नव्हती. हा फरक शिकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावा, असे मला फार वाटते.

या इतिहासाचा एक परिणाम थेट या पुस्तकाशी जोडलेला आहे. ज्यांना हे काम येत होते त्यांच्या हातात लेखणी पोचू दिली नाही, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी या कामाकडे पाहिले नाही. म्हणून कातडे किती भिजवावे, आरी कोणत्या कोनात धरावी, हे ज्ञान मराठीत छापील पानावर फार थोडे उतरले. ते राहिले घरांत, बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे. या पुस्तकात कापायची रापी आहे, भोक पाडायची आरी आहे, शिवायची चामड्याची वादी आहे, घडणीचा फर्मा आहे. हे शब्द कारागिरांचे आहेत आणि ते जसेच्या तसे ठेवले हे चांगले झाले.

कोल्हापुरी चप्पल हे या ज्ञानाचे आपल्या सर्वांच्या पायातले उदाहरण. तळाला सालीने कमावलेले म्हशीचे जाड चामडे लागते. ते भिजवायचे, दगडावर हातोडीने ठोकून घट्ट करायचे, मग रापीने कापायचे. तळाचे थर आणि बाजूचे कान चामड्याच्याच वादीने शिवलेले असतात. खिळा नाही, अस्सल जुन्या घडणीत दोराही नाही. पट्ट्यावरची बारीक वेणी बहुतेक वेळा घरातल्या बाया घालतात, पण चप्पल विकताना त्यांचे नाव कुणी घेत नाही. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे ८ जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी पादत्राणे मूळ गावाचे नाव न घेता मांडली. त्यावर आपल्याकडे संताप उसळला, मग कंपनीने हे डिझाइन कोल्हापुरीवरून सुचल्याचे मान्य केले आणि तिची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली. तो संताप योग्यच होता. पण आपणही कोल्हापुरात चप्पल घेताना भाव पाडतो तेव्हा त्या वेणीला किती वेळ लागला हे विचारत नाही. शिकणाऱ्याने निदान एकदा एखाद्या कारागिराजवळ बसून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन, वादी कशी ओढतात ते पाहावे. पुस्तक त्याची जागा घेऊ शकत नाही.

इथून शिलाईकडे वळू. कापड आणि चामडे यांतला सगळ्यात मोठा फरक शिवताना कळतो. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. चुकलेली शिवण उसवली, थोडे पाणी मारून इस्त्री फिरवली, की भोके बुजतात. चामड्याला वीण नसते. तिथे सुई तंतू कापत जाते आणि पडलेले भोक कायमचे राहते. म्हणजे चामड्यात शिवण एकदाच घालता येते. या एका गोष्टीतून बाकीची सगळी शिस्त येते. काठापासून तीन मिलिमीटरवर रेघ आधी ओढून घ्यायची. थर सोल्युशनने आधी चिकटवून घ्यायचे, कारण टाचणी लावली तर तिचेही भोक राहते. चिकटवण्याआधी गुळगुळीत दाणा घासून खरबरीत करायचा, दोन्ही अंगांना सोल्युशन लावायचे, बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे आणि मगच दाबायचे. खिडकी उघडी ठेवायची, त्या वासाने डोके धरते आणि बंद खोलीत तो रोज घेणे धोक्याचे आहे. तीन-चार थर एकत्र येणार असतील तिथे रापीने काठ पातळ करून घ्यायचा. हे सगळे नीट झाले की शिवण आपोआप सरळ येते, आणि यातले एकही चुकले तर मशीन ते झाकत नाही.

हाताने शिवण्याची जी रीत पुस्तकात आधी दिली आहे, तिच्यात एकच दोरा आणि दोन्ही टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून एक सुई समोरून, दुसरी मागून. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा लागतो, तो मेणावरून ओढून घेतलेला. या शिवणीत प्रत्येक टाक्याला दोरा दोनदा गेलेला असतो, त्यामुळे एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून ठेवतात. घोड्याचे खोगीर अशाच शिवणीचे असते, कारण तिथे टाका सुटणे म्हणजे स्वार पडणे. वेळ खूप लागतो, हे खरे.

रेल्वे स्टेशनबाहेर बसणाऱ्या चांभाराची रीत वेगळी, आणि मशीन समजून घ्यायचे तर तिच्यासारखा गुरू नाही. त्याच्या आरीच्या टोकाशी छोटी खाच असते. तो तळातून आरी पलीकडे घालतो, आतल्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवतो आणि आरी मागे ओढतो. दोऱ्याचा एक फास बाहेर येतो. त्या फासातून तो दुसरे टोक ओवतो आणि दोन्ही बाजूंनी आवळतो. फास चामड्याच्या पोटात जाऊन बसतो. शिलाई मशीन नेमके हेच करते. वरची सुई दोरा खाली नेते, किंचित वर उठते, त्यामुळे खाली दोऱ्याचा फास तयार होतो. फिरणारा हूक तो फास पकडून बॉबिनभोवती नेतो आणि दोन दोरे एकमेकांत अडकतात. एलिआस हाउ यांनी १८४६ मध्ये अमेरिकेत या टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. स्टेशनबाहेरच्या त्या हाताकडे पाच मिनिटे नीट पाहिले, तर शेवटच्या प्रकरणातल्या आकृत्या पटकन कळतील.

आणि घरच्या मशीनवर चामडे का अडते, तेही कळेल. चामडे सुईला घट्ट धरते. सुई वर उठताना चामडेही तिच्याबरोबर वर उचलले जाते, मग फास तयारच होत नाही, हुकाला काही सापडत नाही आणि टाका चुकतो. लोक सुईला किंवा दोऱ्याला दोष देतात. दोष माल दाबून धरणाऱ्या वरच्या पायाच्या कमी दाबाचा असतो. दाब वाढवला तर दुसरी अडचण उभी राहते, माल सरकवणारे खालचे दात चामड्यावर ठसे उमटवतात आणि वरचा थर मागे राहून खालचा पुढे सरकतो. चामड्यासाठी केलेल्या मशीनमध्ये म्हणून खालचे दात, सुई आणि वरचा पाय हे तिन्ही मिळून माल पुढे नेतात. धारावीतल्या बॅगांच्या कारखान्यांत अशी मशीन चालतात. घरच्या मशीनवर एक मिलिमीटरच्या मऊ चामड्याचे दोन थर, चामड्याची सुई लावून, चाक हाताने फिरवत शिवता येतात. कमरेचा पट्टा त्यावर शिवायला जाऊ नये, सुई आणि हूक यांचे टायमिंग बिघडते आणि दुरुस्तीचा खर्च पट्ट्याहून जास्त येतो.

सुईचे टोक चामड्यासाठी धारदार, पात्यासारखे असते. ते तंतू कापून वाट करते, गोल टोकाची कापडाची सुई नुसती ढकलत राहते. बारीक पॉलिस्टर दोऱ्याला १६ किंवा १८ नंबरची सुई चालते, जाड दोऱ्याला २१-२२ लागते. सुती दोरा टाळावा. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिनमुळे तो काही वर्षांत कुजतो. टाका तीन ते चार मिलिमीटरचा ठेवावा. सुबक दिसावा म्हणून दीड-दोन मिलिमीटरचा घातला तर भोकांची रांग टपालाच्या तिकिटासारखी होते आणि ओढ बसताच चामडे त्या रेघेवर फाटते. शिवणीच्या शेवटी उलट टाके घालायचे तर त्याच भोकांतून जावेत, नाहीतर दोरे मागच्या अंगावर ओढून गाठ मारावी. पॉलिस्टर असेल तर टोक काडीने हलकेच वितळवावे.

मशीनमुळे वेळ वाचतो, आणि ज्याला यातून पोट भरायचे आहे त्याला मशीन घ्यावेच लागेल. मशीनच्या शिवणीला कमी लेखणारे लोक मला पटत नाहीत. धारावीत किंवा कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत दिवसभर मशीनवर बसणाऱ्या कारागिराची नजर कोणत्याही हातशिलाईवाल्याइतकीच तयार असते. माझे म्हणणे फक्त क्रमाचे आहे. ज्याने एक पाकीट दोन सुयांनी शिवले आहे, त्याला मशीनवर दोरा कुठे ताणला जातोय हे आवाजावरून कळते. खाली फास दिसू लागले की वरच्या दोऱ्याचे टेन्शन सैल आहे, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. ज्याने थेट मशीनपासून सुरुवात केली, तो प्रत्येक बिघाडाला नवीन सुई विकत घेतो.

पहिल्या प्रकरणाला फार सामान लागत नाही. सालीने कमावलेल्या खांद्याच्या चामड्याचा, दोन मिलिमीटर जाडीचा, रंग न दिलेला तुकडा. धारावीत कापून उरलेले असे तुकडे वजनावर मिळतात, काठ पाहून क्रोमचे बाजूला काढावेत. धार लावलेली एक रापी किंवा साधे कटर, स्टीलची पट्टी, दोन नंबरांचे पॉलिश पेपर, किराणा दुकानातला कतीरा डिंक, मेणाचा खडा आणि खाच पाडलेला लाकडाचा तुकडा. डिंक रात्री भिजत घाला, सकाळपर्यंत फुगून येतो. मग त्यात पाणी घालून गाळून घ्या आणि पान उलटा.